घरातील फोटोंचा संग्रह : तीन संगणक, दोन हार्ड डिस्क आणि एक मूळ प्रत

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातील नागाळा पार्कातल्या एका घरात २००४ पासूनचे कौटुंबिक फोटो साठले आहेत. त्यांचा एकूण आकार अंदाजे ६०० जीबी असून ते वडिलांच्या विंडोज डेस्कटॉपवर, मुलीच्या लॅपटॉपवर, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या मॅकबुकवर आणि दोन जुन्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर विखुरलेले आहेत. घरातले एकच लग्न चार ठिकाणी सापडते, आणि पन्हाळ्याच्या एका सहलीचे फोटो मात्र कुठेच सापडत नाहीत. तेव्हा सगळे फोटो तिन्ही संगणकांवर सारखे करून ठेवावेत, की एकदाचे क्लाउडवर टाकून मोकळे व्हावे, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

माझे मत असे की यांपैकी काहीच प्रथम करू नये. शाहूपुरीत अनेक वर्षे स्टुडिओ चालवताना आणि नंतर लोकांच्या घरचे संग्रह लावून देताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. ज्या घरातून फोटो कायमचे गेले, त्या घरात प्रती कमी होत्या असे क्वचितच होते. प्रती पुष्कळ होत्या; त्यांतली मूळ कोणती आणि राखीव कोणती, हे कोणीच ठरवलेले नव्हते. त्यामुळे प्रत्येकाने दुसऱ्याकडे आहेत असे समजून आपल्याकडचे पुसले. तुमच्या पन्हाळ्याच्या सहलीचे बहुधा असेच झाले असावे. म्हणून पहिला निर्णय घ्यायचा तो एवढाच, की घरात एक जागा ही मूळ संग्रहाची जागा राहील. नवा फोटो तेथेच येईल, नाव तेथेच बदलेल, नको असलेला फोटो तेथेच पुसला जाईल, आणि बाकी सर्व ठिकाणी असतील त्या केवळ त्याच्या प्रती. तुमच्या घरात ही जागा डेस्कटॉप असावी, कारण तो जागेवरून हलत नाही आणि त्याच्या आत वेगळी २ टीबीची हार्ड डिस्क बसवता येते. ही डिस्क बसवल्यावर विंडोज तिची क्षमता १.८१ टीबी दाखवेल. त्यात दुकानदाराने फसवले असे समजू नका. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच तो फरक आहे.

आता सर्व फोटो या डिस्कवर आणायचे. येथे बहुतेकांचा हात घाईने डिलीटकडे जातो. दुहेरी फोटो पुसण्याचे काम अगदी शेवटचे आहे. प्रथम प्रत्येक संगणकातला आणि प्रत्येक जुन्या डिस्कवरचा साठा जसाच्या तसा, आपापल्या नावाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे ‘बाबांचा डेस्कटॉप’, ‘ताईचा लॅपटॉप’, ‘जुनी काळी डिस्क’ अशा नावांनी उतरवून घ्या. प्रत उतरल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा आणि फायलींची संख्या व ‘साइज’ हा आकडा ताडून पाहा. ‘साइज ऑन डिस्क’ हा दुसरा आकडा डिस्कच्या फॉरमॅटप्रमाणे बदलतो, त्याच्या नादी लागू नका. यूएसबी ३ च्या डिस्कवरून ६०० जीबी उतरायला दोन-तीन तास लागतील. लहान फायली फार असतील तर त्याहून अधिक. जुनी यूएसबी २ ची डिस्क असेल तर रात्रभर चालू द्यावे, आणि त्या रात्री घरातील लाइट जाण्याची शक्यता धरून यूपीएसवर असलेल्या संगणकावरूनच हे काम करावे.

मुलाच्या मॅकबुककडे विशेष लक्ष द्यावे लागेल. त्यावर आयक्लाउड फोटोज चालू असेल आणि ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ हा पर्याय निवडलेला असेल, तर मॅकमध्ये दिसणारे पुष्कळ फोटो प्रत्यक्षात लहान केलेल्या प्रती असतात आणि मूळ फायली अॅपलच्या सर्व्हरवर असतात. अशा मॅकचा टाइम मशिन या त्यातल्याच सोयीने कितीही निगुतीने बॅकअप घेतला, तरी जे मॅकवर नाही ते त्यात येणार नाही. म्हणून आधी ‘डाउनलोड ओरिजिनल्स’ हा पर्याय निवडून, मॅकमध्ये तेवढी जागा असल्याची खात्री करून, सर्व मूळ फायली खाली उतरू द्याव्यात आणि मग फोटोज अॅपमधून ‘एक्स्पोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल’ करून त्या बाहेर काढाव्यात. विंडोजमध्येही मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या क्लाउडसेवेने पिक्चर्स फोल्डर अनेकदा आपल्याकडे ओढून घेतलेले असते आणि त्यातल्या काही फायली केवळ नावापुरत्या संगणकावर असतात. फायलीच्या शेजारी ढगाचे चिन्ह दिसले तर ती अजून खाली उतरलेली नाही असे समजावे. आयफोनचे २०१७ नंतरचे फोटो एचईआयसी प्रकारात असतील. ते जेपेगमध्ये बदलून मूळ फाइल टाकून देऊ नये.

विंडोज आणि मॅक यांच्यात डिस्कची ने-आण करायची असेल तर ती एक्सफॅट या दोन्हींना चालणाऱ्या डिस्क-रचनेत फॉरमॅट करावी. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या रचनेची डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर आपणहून लिहीत नाही. आणि जुन्या फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ तेथेच अडतात. एक्सफॅटची एक उणीव मात्र आहे. लिहिणे चालू असताना केबल उपटली तर नुकसान सावरण्याची एनटीएफएसमध्ये असलेली सोय तिच्यात नाही, म्हणून ‘इजेक्ट’ म्हटल्याशिवाय ती डिस्क काढू नये.

फोल्डरच्या नावांची रीत साधी ठेवा. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आकडे आणि त्यापुढे दोन-तीन शब्द: ‘२०१६-०४-२२ जोतिबा यात्रा’, ‘२०१८-०५-११ पन्हाळा’. आकडे या क्रमाने लिहिले की नावाच्या क्रमाने लावलेली यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. फाइलची जी तारीख विंडोज दाखवते तिच्यावर विसंबू नये, कारण एखाद्या प्रोग्रामने फाइल उघडून पुन्हा सेव्ह केली की ती बदलते. खरी तारीख फोटोच्या आत, एक्झिफ नोंदीत असते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंत ती नोंद उरत नाही, केवळ नावात पोहोचल्याचा दिवस राहतो, आणि फोटोही आकुंचन पावून आलेला असतो. लग्नातले मूळ फोटो कोणाकडून मागवायचे असतील तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावेत किंवा पेन ड्राइव्ह घेऊन जावे. दोन कॅमेरे एकाच फोल्डरमध्ये कधीही उतरवू नयेत, कारण कॅमेऱ्याचा क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो आणि एकाच नावाच्या दोन फायली समोरासमोर आल्या की ‘रिप्लेस’ या एका शब्दावर हो म्हणून बारशाचा फोटो सहलीच्या फोटोखाली गाडला जातो.

नावे मराठीत द्यावीत का, असे मला नेहमी विचारले जाते. द्यावीत, आजच्या संगणकांना देवनागरीची अडचण नाही. एक बारीक खोच मात्र मला कऱ्हाडच्या फोटोंनी शिकवली. ‘कऱ्हाड’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतात, दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन तुकड्यांत. मॅकच्या जुन्या डिस्क-रचनेत नावे तुकडे करून साठवली जात आणि विंडोज ती जशी मिळतील तशी ठेवते. परिणामी एका गिऱ्हाइकाच्या डिस्कवर ‘कऱ्हाड’ नावाची दोन फोल्डर शेजारी शेजारी उभी होती, डोळ्यांना अगदी एकसारखी, आणि प्रती घेणारा प्रोग्राम दोन्ही वेगळी समजून प्रत्येक वेळी दोन्ही भरत होता. तेव्हापासून मॅक आणि विंडोज दोन्ही असलेल्या घरात मी ऱ असलेले नाव टाळतो किंवा ते फोल्डर एकाच संगणकावर तयार करायला सांगतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिन्ही संगणक सारखे ठेवणे म्हणजे सिंक, आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकचे काम एका ठिकाणी झालेला बदल दुसऱ्या ठिकाणी इमानेइतबारे पोहोचवणे हे आहे, आणि पुसणे हाही एक बदलच असतो. मुलीने लॅपटॉपवर जागा करण्यासाठी २००९ चे फोल्डर काढून टाकले, तर काही मिनिटांत ते डेस्कटॉपवरून आणि पुण्यातल्या मॅकबुकवरूनही जाईल. तीन प्रती होत्या असे समाधान होते, प्रत्यक्षात ती तीन पडद्यांवर दिसणारी एकच प्रत होती. क्लाउडवरील फोटोसेवाही याच जातीच्या आहेत. गुगल फोटोजमधून फोटो काढला की तो फोनवरूनही जातो आणि ट्रॅशमध्ये साधारण ६० दिवस राहतो. आयक्लाउडमध्ये ही मुदत ३० दिवसांची आहे. याउलट गुगल फोटोजमधले ‘फ्री अप स्पेस’ हे बटण दाबले की फोनवरील फोटो जातात आणि उरते ती सर्व्हरवरची एकुलती एक प्रत.

बॅकअप म्हणायचे ते जुन्या तारखेची स्थिती धरून ठेवणाऱ्या आणि मूळ संग्रहापासून एरवी तुटलेल्या प्रतीला. या दोन्ही अटींना कारण आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, तेव्हा त्याने संगणकातल्या फायलींबरोबर त्या क्षणी जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरील फायलीही कुलूपबंद केल्या. ज्यांची डिस्क कपाटात होती त्यांचे काम भागले. वीज दाब कमी-जास्त होऊन संगणक जळतो तेव्हाही जोडलेली डिस्क त्याच्याबरोबर जाऊ शकते.

एक चूक माझ्या हातून झालेली सांगतो, कारण ती प्रत्येकाच्या हातून होण्याजोगी आहे. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची जुनी आणि उत्तम सोय आहे. तिला ‘मिरर’ करायला सांगितले की ती दुसरी डिस्क पहिलीसारखी हुबेहूब करते, म्हणजे पहिलीवर जे नाही ते दुसरीवरून पुसते. मी ही आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ठेवली होती आणि दर शनिवारी तिच्यावर दोनदा क्लिक करून चहाला जात असे. एका शनिवारी दोन डिस्क नेहमीपेक्षा उलट क्रमाने जोडल्या गेल्या. विंडोजने ‘ई’ आणि ‘एफ’ ही अक्षरे अदलाबदल करून दिली. त्या दिवशी जोडलेली एक डिस्क नवी कोरी होती. चहा पिऊन आलो तेव्हा प्रोग्रामने सांगितलेले काम चोख पार पाडले होते: भरलेली डिस्क कोऱ्या डिस्कसारखी केली होती. संध्याकाळपर्यंत मी त्या डिस्कवर एक अक्षरही लिहू दिले नाही, म्हणून फायली परत मिळवून देणाऱ्या प्रोग्रामने बरेच काही बाहेर काढले. पण नावे गेली ती गेलीच, आणि हजारो फोटो केवळ क्रमांकांनी परत आले. त्यांतून दोन शाळांची स्नेहसंमेलने वेगळी करण्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली.

म्हणून घरच्या वापरासाठी मी मिरर सुचवत नाही. फ्रीफाइलसिंक हा मोफत प्रोग्राम विंडोज व मॅक दोन्हींवर चालतो. त्यात ‘अपडेट’ हा प्रकार निवडला की नव्या व बदललेल्या फायली राखीव डिस्कवर जातात आणि काहीही पुसले जात नाही. थोडा सराव झाल्यावर मिरर निवडायचा असेल तर त्याबरोबर ‘व्हर्जनिंग’ चालू करावे, म्हणजे पुसल्या जाणाऱ्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेसह जाऊन बसतात. कोणताही प्रकार असो, ‘कम्पेअर’ नंतर जी यादी समोर येते ती वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये. या महिन्यात तुम्ही चाळीस फोटो काढले असतील आणि यादी ९००० फायली बदलणार असे म्हणत असेल, तर काहीतरी उलटे जोडले गेले आहे. डिस्कना विंडोजमध्येच ‘मूळ’, ‘राखीव १’, ‘राखीव २’ अशी नावे द्या आणि वरून तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लावा. अक्षरे बदलतात, चिकटपट्टी बदलत नाही.

यातून राखीव प्रती किती आणि कुठे, हा प्रश्न येतो. छायाचित्रकारांमध्ये पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ असा नियम प्रसिद्ध आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. नियम चांगला आहे. कोल्हापुरात मात्र त्यातल्या ‘घराबाहेर’ या शब्दाचा अर्थ पंचगंगेला विचारून ठरवावा लागतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये माझा मूळ संगणक शाहूपुरीत स्टुडिओत होता आणि राखीव डिस्क नागाळा पार्कातल्या एका स्नेह्यांकडे होती. मला वाटे, दोन वेगळ्या पेठा, दोन वेगळ्या इमारती, नियम पाळला गेला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे; त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि माझ्या दोन्ही जागा एकाच पाण्याखाली आल्या. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, तिच्या वर फूटभर अंतर राखून मी सर्व सामान चढवून ठेवले होते. पाण्याने त्या खुणेला मोजले नाही. पाणी उतरल्यावर शटर उघडले तेव्हा लाकडी कपाट फुगून दार अडकले होते, ते पहारीने उघडावे लागले. आतली डिस्क हातात घेऊन तिरकी केली तर कडेच्या भोकातून गढूळ पाण्याची धार आली. त्या वेळी मी केलेली गोष्ट तुम्ही कधी करू नका: मी ती पुसली, दोन दिवस पंख्याखाली ठेवली आणि संगणकाला जोडली. भिजलेली डिस्क वाळवू नये आणि चालू तर मुळीच करू नये, कारण आतल्या तबकड्यांवर वाळलेला गाळ फिरताना तबकडी आणि वाचणारे टोक दोन्ही खरवडतो. ती ओलसर असतानाच पिशवीत गुंडाळून डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे पोहोचवायची असते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा तर काहीच उपयोग नाही.

माझे काम वाचले ते साताऱ्याच्या बहिणीकडे एका दिवाळीत विसरून राहिलेल्या डिस्कमुळे. तिच्यावरची प्रत सव्वा वर्ष जुनी होती. म्हणजे सव्वा वर्षाचे काम गेले आणि त्याआधीचे सर्व राहिले. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा त्याच भागात आले तेव्हा माझ्या दोन राखीव डिस्क होत्या, आणि त्यांतली कोणतीही पूररेषेच्या आत नव्हती.

तुम्ही स्वतः नागाळा पार्कात राहता, तेव्हा हे तुम्हाला अधिक सांगायला नको. तुमची ‘राखीव १’ घरातच, पण वरच्या मजल्यावर, संगणकापासून काढून ठेवलेली असावी. ‘राखीव २’ आर. के. नगरकडच्या माळावर किंवा अशाच उंच भागात राहणाऱ्या नातेवाइकांकडे असावी. बँकेच्या लॉकरचा विचार करत असाल तर ती शाखा कोणत्या भागात आहे आणि लॉकरची खोली तळमजल्यावर आहे का, हे आधी पाहा. महिन्यातून एकदा, वीजबिल भरता त्या दिवशी म्हणा, ‘राखीव १’ जोडून प्रत अद्ययावत करावी आणि लगेच काढावी. दर तीन-चार महिन्यांनी ‘राखीव १’ आणि ‘राखीव २’ यांची जागा बदलावी; नातेवाइकांकडे जाणे-येणे होतेच, जाताना ताजी न्यायची आणि येताना जुनी आणायची. यातली एक अदलाबदल मृग नक्षत्र निघण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, न चुकता व्हावी. मुलगा गणपतीला येतो तेव्हा तिसरी एखादी जुनी डिस्क भरून त्याच्याबरोबर पुण्याला धाडली तर उत्तमच, पण तिच्या ताजेपणावर भिस्त ठेवू नका.

डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवताना ती कुलूपबंद करावी का, असा विचार मनात येईल. करावी, पण परवलीचा शब्द विसरला तर ती डिस्क तुम्हालाही कुलूपबंद होते. तो कागदावर लिहून, डिस्कपासून वेगळ्या जागी, घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला माहीत असेल असा ठेवावा. घरातल्या कर्त्या माणसाच्या मागे त्याच्या मोबाइलचे आणि खात्याचे कुलूप उघडता न आल्याने फोटो अडकलेली दोन घरे मी पाहिली आहेत. तेथे यंत्र बिघडलेले नव्हते.

क्लाउडला माझा विरोध नाही, केवळ त्याला एकट्याला सोडू नये. पूर, आग आणि चोरी या तिन्हींपासून तो दूर आहे, ही मोठी जमेची बाजू. पण १ जून २०२१ पासून गुगलची अमर्याद मोफत सोय बंद झाली. मोफत १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहे, तेव्हा ६०० जीबीसाठी पैसे भरावे लागतील आणि भरत राहावे लागतील. दोन वर्षे न वापरलेले खाते पुसले जाऊ शकते, असेही त्यांचे धोरण आहे. ‘स्टोरेज सेव्हर’ निवडले असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान करून ठेवले जातात, म्हणून ‘ओरिजिनल क्वालिटी’ हाच पर्याय ठेवा. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर ६०० जीबी चढायला सलग साडेपाच दिवस लागतील, ४० एमबीपीएस असेल तर दीड दिवस. योजनेच्या जाहिरातीत जो वेग लिहितात तो बहुधा डाउनलोडचा असतो, एवढे तपासा. तुमच्या बाबतीत मी निवडक वीस-पंचवीस जीबी, म्हणजे लग्ने, बारशी, आजी-आजोबांचे फोटो आणि स्कॅन केलेले जुने अल्बम एवढेच क्लाउडवर ठेवीन आणि बाकीचा भार डिस्कवर सोडीन.

दोन डिस्कची रेड असलेली नॅस पेटी, म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडलेली आणि एकच साठा दोन्ही डिस्कवर ठेवणारी पेटी, घ्यावी का, हे विचारलेले नाही, पण दुकानात गेल्यावर कोणी तरी सुचवेलच. रेडमुळे एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही. चुकून पुसलेले, खंडणीखोराने कुलूपबंद केलेले किंवा पेटीसकट बुडालेले मात्र ती परत देत नाही. तीन माणसांच्या घराला तिची गरज नाही. डेस्कटॉपवरचे मूळ फोल्डर घरातल्या वायफायवर केवळ वाचण्यापुरते शेअर केले की मुलीला लॅपटॉपवर सर्व फोटो पाहता येतील आणि चुकून पुसता येणार नाहीत.

राखीव प्रतीसाठी साधी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क घ्यावी. एसएसडी वेगवान असते, पण वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली तर तिच्यातला साठवलेला विद्युतभार हळूहळू ओसरू शकतो. पेन ड्राइव्हचे तेच, अधिक प्रमाणात. डीव्हीडीचा विचार सोडून द्या. आपल्या पावसाळ्यातल्या दमटपणाने त्यांच्या कडांना बुरशी लागलेली मी पाहिली आहे. डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी आणि पाच-सहा वर्षांनी, ती चालू असली तरी, नवी घ्यावी.

प्रत घेतली एवढ्यावर थांबू नये. ती उघडूनही पाहावी. एका शिक्षकांच्या डिस्कवर मुलीच्या लग्नाचे फोल्डर होते, फायलींची संख्या बरोबर होती, आकारही बरोबर होता. कन्यादानाचा फोटो उघडला तर वरच्या भागात अंतरपाट आणि मुंडावळ्या दिसत होत्या आणि खालचा अर्धा भाग सपाट राखाडी होता. डिस्कवरचा तेवढा भाग कधी तरी खराब झाला होता आणि फाइलचे नाव व आकार यांवरून ते कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून अदलाबदलीच्या दिवशी राखीव डिस्कवरची निरनिराळ्या वर्षांची दहा-बारा फोल्डर उघडून फोटो पूर्ण आकारात पाहावेत. अधिक काटेकोर राहायचे असेल तर वर्षातून एकदा फ्रीफाइलसिंकमध्ये ‘फाइल कंटेंट’ या निकषावर तुलना करावी. तेव्हा प्रोग्राम प्रत्येक फाइल दोन्हीकडे संपूर्ण वाचून ताडतो. त्याला एक रात्र लागते. जेथे फरक निघेल तेथे दोन्ही प्रती उघडून कोणती शाबूत आहे ते डोळ्यांनी ठरवावे. प्रोग्रामला ते ठरवता येत नाही.

हे सर्व मार्गी लागल्यानंतर, आणि तीन प्रती उघडून पाहिल्यानंतरच, दुहेरी फोटो काढायला बसावे. त्यासाठी डुपगुरूसारखा प्रोग्राम वापरताना ‘कंटेंट’ म्हणजे आतला मजकूर तंतोतंत जुळणाऱ्या फायलीच निवडाव्यात. ‘सारखे दिसणारे’ हा पर्याय वापरला तर तो एकाच क्षणी पाठोपाठ काढलेल्या तीन फोटोंना एकच समजेल, आणि त्या तिघांतल्या एकातच आजोबांचे डोळे उघडे असतील. तोपर्यंत त्या दोन जुन्या पोर्टेबल डिस्क फॉरमॅट करू नका, कोणाला देऊही नका. पन्हाळ्याची सहल त्यांतल्या एखाद्या ‘न्यू फोल्डर’मध्ये असण्याची शक्यता आहे; मूळ संग्रहावर शोध घेताना सहलीच्या नावाऐवजी त्या दिवसाची तारीख टाकून पाहा.